कूस, कोयता आणि डॉ. शिरोडकर

बारडोली हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९२८ चा सारावाढीविरुद्धचा लढा उभा राहतो, आणि वल्लभभाईंना सरदार करणारा हा तालुका इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसतो. आजची बारडोली मात्र उसाची बारडोली आहे. सुरत जिल्ह्याच्या या काळ्याभोर पट्ट्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दरवर्षी दिवाळी सरता सरता धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून माणसांचे तांडे तिकडे निघू लागले. मुकादमाकडून उचल घेतलेली, पोरेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन निघालेली ही माणसे कोयता या एकाच शब्दाने मोजली जातात. एक कोयता म्हणजे बहुधा एक जोडपे. पुरुषाने ऊस तोडायचा. स्त्रीने पाला काढायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या मजुरांच्या जिण्याचा अभ्यास केला, म्हणून जगाला त्यांची थोडीफार वार्ता लागली. परंतु या कोयत्यातील स्त्रीच्या कुशीचे काय होते, हा प्रश्न साखरेच्या हिशेबात कोठेच मांडला जात नाही.

आम्हांस हा प्रश्न सुचला तो एका गोमंतकीयाचे चरित्र चाळताना. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगातील प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाला ठाऊक असते. आमच्या फोंडा तालुक्यातील किती जणांना ते ठाऊक आहे, याची चौकशी न केलेलीच बरी. १८९९ साली शिरोडे गावी त्यांचा जन्म झाला. हे शिरोडे म्हणजे कामाक्षीचे, गोव्यातले. मिठाच्या सत्याग्रहाचे वेंगुर्ल्याकडील शिरोडे निराळे. पणजीत वैद्यकशाळा १८४२ पासून होती. तथापि नव्या काबिजादीतील हिंदू घरांतील हुशार मुले पोर्तुगीज अमलात शिक्षणासाठी घाट चढून जात किंवा मुंबई गाठत. विठ्ठलने दोन्ही केले. शाळा हुबळीस झाली, वैद्यक मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२३ साली ते पदवीधर झाले, १९२७ साली स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. झाले, पुढे विलायतेस जाऊन १९३१ साली एफ. आर. सी. एस. ही शल्यविशारदाची पदवी घेऊन परतले. जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट कॉलेज हीच त्यांची कर्मभूमी ठरली. येथवरचे चरित्र त्या पिढीतील कोणाही यशस्वी डॉक्टरचे म्हणून खपून जाईल.

त्यांचे वेगळेपण एका विशिष्ट दुःखाकडे पाहण्याच्या रीतीत आहे. काही स्त्रियांना दिवस राहतात, पहिले तीन महिने सुखरूप जातात, आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान फारशा कळा न येताच गर्भ पडतो. एकदा नव्हे, चार वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा. अशा स्त्रीला घरात काय म्हणतात हे आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. देवस्कीपासून पूर्वजन्मीच्या पापापर्यंत सर्व कारणे तिच्या पदरात बांधली जातात. ओटी भरताना तिला वगळले जाते, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी तिच्या कानांआड होत नाहीत.

वैद्यकशास्त्र त्या काळी याहून फार शहाणे होते असेही नाही. त्याचे उत्तर होते अंथरुणावर पडून राहणे आणि हॉर्मोन. गर्भ टिकतो तो अंतःस्रावांच्या बळावर, तेव्हा पडतो तोही त्यांच्या अभावी, असा तो तर्क होता. त्या तर्काचा एक अध्याय भयंकर आहे. अमेरिकेत गर्भपात टाळण्यासाठी असंख्य गर्भवतींना डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम स्त्रीहॉर्मोन देण्यात आले. १९५३ साली शिकागोच्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले, तरी ते दिले जातच राहिले. आणि १९७१ साली उघड झाले की, त्या औषधावर वाढलेल्या गर्भातून जन्मलेल्या काही मुलींना तरुण वयात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होत आहे. शिरोडकर वारले तेही १९७१ सालीच.

शिरोडकरांनी अशा स्त्रियांना पुन्हा पुन्हा तपासले. विश्रांती आणि हॉर्मोन यांनी त्यांच्यापैकी कित्येकींना काडीचाही गुण येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दोष रक्तात नव्हता. तो दारात होता. गर्भाशयाच्या मुखाचा आतला भाग बाळंतपणाच्या वेळी नीट मिटलेला असावा लागत नाही, पण पाचव्या महिन्यात तो घट्ट मिटलेला असावाच लागतो. या स्त्रियांत तो भाग दुबळा होता. गर्भाचा भार वाढला की निमूटपणे उघडत होता. पिशवीचे तोंड सैल असेल तर नाडी ओढून बांधावी, इतका हा विचार साधा आहे. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील चिवट आवरणाची एक पट्टी कापून घेतली, मूत्राशय हलकेच वर सारला, आणि ती पट्टी त्वचेखालून गर्भाशयमुखाभोवती आतल्या तोंडाच्या पातळीवर गुंडाळून बांधली. तीही गर्भ पोटात असताना. शिकागोच्या लॅश यांनी १९५० साली असल्या दुबळेपणावर शस्त्रक्रिया सुचविली होती, पण ती गर्भ नसतानाची. १९५५ साली मद्रासच्या अँटिसेप्टिक या मासिकात शिरोडकरांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित नियतकालिकांची वाट त्यांनी पाहिली नाही, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेचा सोपा टाका प्रसिद्ध केला. तरीही शिरोडकर टाका हे नाव जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत कायम राहिले.

या टाक्याची अवास्तव महती आम्ही गाणार नाही. गर्भपाताची पुष्कळशी कारणे त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतील बहुतेक गर्भ बीजातील गुणसूत्रांच्या दोषामुळेच पडतात, आणि तेथे दार बांधून काही साधत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील १,२९२ स्त्रियांवरील चाचणीत असे दिसले की, टाका घालावा की नाही याविषयी डॉक्टर साशंक असताना तो घातला, तर पंचविसांत एकीचे फार अकाली बाळंतपण टळते. ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा याच रीतीने पडले होते, त्यांच्यात लाभ अधिक दिसला. शिरोडकरही तपासून खात्री पटलेल्या स्त्रियांवरच हात टाकीत. ही निवड हेच त्यांचे खरे कौशल्य होते असे आमचे मत आहे. सुई तर पुष्कळांना चालवता येते.

त्यांचे दुसरे काम याहून कमी प्रसिद्ध आणि बारडोलीच्या वाटेला अधिक जवळचे आहे. बाळंतीण ओली असतानाच उठून ओझी वाहू लागली, एकामागून एक बाळंतपणे झाली, पोटाला पुरेसे अन्न मिळाले नाही, की अंग बाहेर येते. या व्याधीवर मँचेस्टरची म्हणून प्रसिद्ध असलेली शस्त्रक्रिया होती. तीत गर्भाशयमुखाचा भाग कापून टाकीत. स्त्री चाळिशीपुढची असेल तर ठीक. पण आपल्याकडे ही व्याधी पंचविशीतल्या, आणखी मूल हवे असलेल्या स्त्रियांना होते, आणि मुख कापले की गर्भ राहणेही कठीण, राहिलाच तर टिकणेही कठीण. शिरोडकरांनी मुख शाबूत ठेवून मागचे बंध पुढे आणून बांधण्याची रीत काढली. बंद पडलेल्या बीजवाहिन्या मोकळ्या करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. आपल्या देशात या वाहिन्या पुष्कळदा क्षयाने बुजतात, आणि क्षय तर दारिद्र्याच्या घरी वसतीला असतो.

एकीकडे हे करीत असताना मुंबईत १९४९ साली स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संघाच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. मूल देणारा माणूस मूल टाळण्याच्या चळवळीत कसा, असे काहींना वाटेल. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हापासून हा गैरसमज आपल्याकडे मुरलेला आहे. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मूल केव्हा हवे आणि हवे की नको, हे त्या स्त्रीला ठरवता आले पाहिजे. १९६० साली शिरोडकरांना पद्मभूषण मिळाले, १९७१ साली पद्मविभूषण.

त्यांच्या काळात जे धूसर होते त्यातील बरेच आज स्पष्ट झाले आहे, आणि ते पुरुषांना अडचणीचे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि त्यासाठी शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. न्यूयॉर्कच्या मॅक्लाउड यांनी १९४३ सालीच दाखवून दिले होते की, प्राणवायू फार झाला तर शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. आज याला ऑक्सिडेशनचा ताण म्हणतात. लोखंड जसे गंजते तसाच काहीसा हा प्रकार: शुक्रजंतूंचे आवरण सहज बिघडणाऱ्या स्निग्ध पदार्थांचे असते आणि स्वतःची डागडुजी करण्याची सामग्री त्याच्याजवळ फार थोडी असते. तंबाखू, जंतुसंसर्ग, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, सततची उष्णता यांनी हा गंज वाढतो आणि आतील आनुवंशिक सूत्रेही तुटतात. यावर हल्ली जीवनसत्त्वांच्या गोळ्या जोरात खपतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत मात्र त्यांचा काहीही लाभ आढळला नाही. कीटकनाशकांचे तर विचारूच नका. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचे कृमिनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगार आपापसांत बोलू लागले, तेव्हा बऱ्याच जणांना मूलच होत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. तपासले तो शुक्रजंतू नाहीसे झालेले. त्या कामगारांनी बायकांना दोष न देता स्वतःची तपासणी करून घेतली म्हणून ते विष उघडे पडले. आपल्याकडे वर्षानुवर्षे स्त्रीची तपासणी, उपासतापास, गंडेदोरे चालतात आणि पुरुषाच्या वीर्याची साधी परीक्षा, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी, ती शेवटी होते किंवा होतच नाही. आमच्या मते तो क्रम उलटा झाला पाहिजे.

आता पुन्हा फडाकडे वळू. कोयत्यातील दोघेही उन्हात असतात, दोघांच्याही तोंडात पुष्कळदा तंबाखू असते, औषध मारलेल्या शेतातच ती निजतात. स्त्रीच्या डोक्यावर मोळी असते आणि पोटात अन्न कमी असते. मूल न झाल्यास दोष तिचा, झाल्यास दोन-तीन आठवड्यांत पुन्हा मोळी तिचीच. आणि अंग बाहेर आले, पाळी बिघडली, तर काय होते ते बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची महाराष्ट्र शासनाच्या समितीने २०१९ साली पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये हेही त्यामागील एक कारण होते. पंचविशीच्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाचा तुकडाही वाया जाऊ नये म्हणून नवी शस्त्रक्रिया शोधणारा शिरोडेकर एकीकडे, आणि खाडा वाचावा म्हणून सबंध गर्भाशय कापून टाकणारा हा व्यवहार दुसरीकडे. बीडमध्ये चौकशी झाली म्हणून आकडा तरी कळला. बारडोलीच्या फडात खानदेशातून येणाऱ्या स्त्रिया गुजरातच्या हिशेबात परप्रांतीय आणि महाराष्ट्राच्या हिशेबात गैरहजर असतात.

दिवस कसे पडतात ते पाहा. शिरोडकरांच्या टाक्याची वेळ साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात येते. दिवाळीनंतर दोन महिन्यांची गर्भवती म्हणून घर सोडलेली स्त्री डिसेंबरच्या थंडीत, बारडोलीच्या उसात, नेमक्या त्या आठवड्यांत पोचते. तिचे नाव गावच्या आरोग्य केंद्राच्या वहीत असते, कार्ड घरी मडक्यात असते, आणि फडावर तिची नोंद फक्त मुकादमाच्या उचलीच्या वहीत, नवऱ्याच्या नावापुढे, अर्धा कोयता म्हणून. याआधी कितवे पोट कोणत्या महिन्यात पडले, एवढे तिला गाडीत बसताना कोणी विचारले आणि ते कागदावर लिहून तिच्याबरोबर दिले, तर बारडोलीच्या डॉक्टरला पुढचे सारे करता येण्यासारखे आहे. कारखान्यांनी करार बांधताना आणि दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी गळीत हंगामापूर्वी बसून हा कागद ठरवावा. त्याला खर्च फारसा नाही, आणि पुढचा हंगाम येत्या दिवाळीनंतरच सुरू होणार आहे.