दोन डोळ्यांचे कोडे सोडवणारे व्हीटस्टन

छंद म्हणून ड्रोन उडवणारी मुले हल्ली डोळ्यांवर मोठा गॉगल चढवतात. ड्रोनवरच्या कॅमेऱ्याला जे दिसते ते थेट त्यांच्या डोळ्यांपुढे येते. प्रत्येक डोळ्यापुढे वेगळे चित्र ठेवण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. ती मांडली सर चार्ल्स व्हीटस्टन यांनी. बारावीच्या भौतिकशास्त्रातल्या ‘व्हीटस्टन सेतू’मुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. गंमत अशी, की तो सेतू मुळात सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांचा. व्हीटस्टन यांनी तो प्रसिद्धीस आणला.

६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरजवळ त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा वाद्यांचा. चौदाव्या वर्षी ते लंडनला काकांच्या वाद्यनिर्मितीच्या दुकानात उमेदवारी करू लागले. कॉन्सर्टिना हे वाद्य त्यांचेच. नादाचा अभ्यास करता करता ते प्रकाश आणि विजेकडे वळले आणि १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. पण स्वभाव अतिशय भिडस्त. व्याख्यान द्यायचे म्हटले की त्यांची पंचाईत होई. त्यांचे संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनच्या श्रोत्यांपुढे अनेकदा मायकेल फॅरडे मांडत.

१८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला दृष्टीविषयीचा निबंध सादर केला. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे जवळची वस्तू प्रत्येक डोळ्याला थोडी वेगळी दिसते. एक बोट नाकासमोर धरून आळीपाळीने डोळे मिटले, की ते जागचे हललेसे वाटते. या फरकातूनच मेंदू खोली ताडतो, हे व्हीटस्टन यांनी प्रयोगाने दाखवले. काटकोनात जोडलेले दोन आरसे आणि दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची किंचित वेगळी रेखाचित्रे, एवढेच त्यांचे उपकरण. आरशांत पाहताच सपाट रेषांमधून भरीव आकृती उभी राही. छायाचित्रणाचे तंत्र तेव्हा जाहीरही झाले नव्हते. या उपकरणाला त्यांनी स्टिरिओस्कोप हे नाव दिले.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून सुटसुटीत स्टिरिओस्कोप बनवला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तो घरोघरी पोहोचला. मग शोधाच्या श्रेयावरून दोघांत कडाक्याचा वाद झाला. ब्रूस्टर यांनी व्हीटस्टन यांचे अग्रमानच नाकारले. इतिहासाने मात्र ते मान्य केले.

या शोधाचा उपयोग करमणुकीपुरता राहिला नाही. तिरळ्या डोळ्याकडून येणारे चित्र लहान मुलाचा मेंदू हळूहळू दुर्लक्षित करू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ बनतो. फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी एकोणिसाव्या शतकातच तिरळेपणावर स्टिरिओस्कोपच्या व्यायामांचा वापर केला. मुलाचा डोळा तिरळा दिसला, तर मोठेपणी बरा होईल म्हणून थांबू नये. उपचार जितके लवकर, तितका फायदा अधिक.

ड्रोनच्या गॉगलकडे पुन्हा वळू. बहुतेक ड्रोनवर एकच कॅमेरा असतो, म्हणून दोन्ही डोळ्यांना सारखेच चित्र मिळते. व्हीटस्टन यांनी दाखवलेला फरक त्यात नसतो. झाड किती दूर आहे, हे चालकाला वस्तूंचा आकार आणि त्या सरकण्याचा वेग यांवरूनच ओळखावे लागते. डोळे उडत असल्याचे सांगतात, कानातील तोलाचे इंद्रिय मात्र स्थिर असल्याचे सांगते. म्हणून काहींना मळमळते. अशा वेळी गॉगल काढून विश्रांती घ्यावी. भिंगांतील अंतर आपल्या बाहुल्यांच्या अंतराशी जुळवावे. तरीही दोन प्रतिमा दिसत असतील किंवा डोके दुखत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

तारायंत्राच्या कामगिरीचाही मान असलेल्या व्हीटस्टन यांना १८६८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. चारचौघांत बोलताना अडखळणाऱ्या या माणसाने, आपण पाहतो ते केवळ डोळ्यांनी नव्हे तर मेंदूनेही, हे मात्र नि:संदिग्धपणे सिद्ध केले.