जंगलात कॉलेज उभारणारी संत

दर वर्षी ३ ऑक्टोबरला संत मदर थिओडोर गेरँ ह्यांचा सण येतो. अमेरिकेत हे नाव मोठे आहे. आपल्या धर्मग्रामात मात्र ते क्वचितच कानी पडते. म्हणून ह्या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचे मूळ नाव ॲन-थेरेस. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठच्या एताब्ल गावी २ ऑक्टोबर १७९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या नौदलात अधिकारी होते. १८१४ साली घरी परतत असताना वाटेत दरोडेखोरांनी त्यांचा खून केला. त्या धक्क्याने आई खचली. आजारी आई आणि धाकटी बहीण ह्यांचा भार पंधरा वर्षांच्या ॲन-थेरेसवर पडला. व्रतस्थ जीवनाची ओढ होती, पण आई परवानगी देईना. अखेर १८२३ साली, वयाच्या पंचविशीत, त्या रुइये येथील सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स ह्या संघात दाखल झाल्या. तिथे देवी आल्या व पचनशक्ती कायमची गेली. पुढे आयुष्यभर पातळ, मऊ अन्नावरच त्यांनी दिवस काढले.

अशा प्रकृतीच्या सिस्टरला अमेरिकेला पाठवायचे ठरले तेव्हा त्या स्वतःच कचरल्या. तरी १८४० साली पाच भगिनींसह त्या निघाल्या. २२ ऑक्टोबरला गाडी इंडियाना राज्यातील घनदाट रानात थांबली. गाव नाही, कॉन्व्हेंट नाही. लाकडाच्या ओंडक्यांची एक झोपडी, तेच देऊळ! प्रथम त्या तिथे पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकायला गेल्या. राहायला एका शेतकरी कुटुंबाच्या घरातली खोली मिळाली.

पुढच्याच वर्षी, जुलै १८४१ मध्ये, तिथे मुलींची शाळा सुरू झाली. १८४६ साली तिला उच्च शिक्षणासाठी राज्याची सनद मिळाली आणि तिचेच सेंट मेरी-ऑफ-द-वुड्स कॉलेज झाले. मुलींना कॉलेज कशाला, असे म्हणण्याचा तो काळ. मदर स्वतः गणिताच्या उत्तम शिक्षिका होत्या. फ्रान्समध्ये त्याबद्दल त्यांना पदकही मिळाले होते.

मधल्या काळात हाल कमी नव्हते. २ ऑक्टोबर १८४२ रोजी, त्यांच्या वाढदिवशीच, धान्याचे कोठार जळाले व वर्षाचे पीक राख झाले. मदत मागायला त्या फ्रान्सला गेल्या. परतताना जहाज वादळात सापडले, तेव्हा संत ॲनचा धावा केला. आजही कॉलेजच्या आवारात संत ॲनचे छोटे चॅपेल आहे. आतून ते वबाश नदीतील शिंपल्यांनी सजवलेले आहे.

पण सर्वांत मोठी परीक्षा बाहेरून आली नाही. ज्यांच्या बोलावण्यावरून त्या आल्या, त्या बिशप द ला आयलांदियेर ह्यांच्याशीच त्यांचे पटेना. संघाचा कारभार भगिनींनी त्यांच्या नियमावलीप्रमाणे चालवायचा की बिशपांच्या मर्जीप्रमाणे, हा तो प्रश्न. १८४७ च्या मे महिन्यात बिशपांनी त्यांना पदावरून दूर केले, व्रतांतून मुक्त केल्याचे सांगितले व धर्मप्रांत सोडून जाण्याचा हुकूम दिला. मदर तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. भगिनी त्यांच्यासोबत निघायच्या तयारीला लागल्या. त्याच सुमारास बातमी आली: रोमने बिशपांचा राजीनामा स्वीकारला असून नवे बिशप नेमले आहेत. अशा प्रसंगी बंड करणे किंवा सारे सोडून देणे सोपे असते, असे आम्हाला वाटते. मदरनी दोन्ही केले नाही. त्यांनी बिशपांविषयीचा आदरही सोडला नाही आणि नियमावलीही सोडली नाही.

१४ मे १८५६ रोजी त्या देवाघरी गेल्या. तोवर इंडियानात अनेक शाळा, व्हिन्सेन्स शहरात दोन अनाथालये आणि गरिबांसाठी मोफत दवाखाने उभे राहिले होते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९८ साली त्यांना धन्य घोषित केले. २००१ साली त्या आवारात काम करणारा एक कॅथलिक नसलेला माणूस, डोळ्याची शस्त्रक्रिया बिघडल्याने घाबरलेला, ऑर्गनचे सूर ऐकून चर्चमध्ये शिरला आणि त्याने मदरकडे मदत मागितली. त्याचा डोळा बरा झाला. हाच चमत्कार मान्य होऊन पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी १५ ऑक्टोबर २००६ रोजी मदरना संतपद बहाल केले. केवळ मुलींसाठी निघालेल्या त्या रानातल्या कॉलेजचे दरवाजे २०१५ साली मुलांनाही उघडले.