वकिलाची होडी

1 मार्च 1825. बिस्केच्या उपसागरात वादळ पेटलेलं आणि बंगालकडे निघालेलं ‘केंट’ नावाचं जहाज गदागदा हलत होतं. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज. त्यावर 31व्या पलटणीचे सैनिक, त्यांच्या बायका, पोरं, खलाशी असे सहाशेहून जास्त लोक. जहाजाच्या पोटात दारूचं एक पिंप सुटलंय का ते बघायला माणसं कंदील घेऊन खाली उतरली. कंदील पडला, दारूने पेट घेतला आणि थोड्याच वेळात सगळीकडे धूर. आग दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचायला उशीर व्हावा म्हणून कप्तानाने खालच्या खिडक्या उघडून समुद्रच आत घेतला! म्हणजे वर आग, खाली पाणी आणि बाहेर वादळ.

पलटणीतले मेजर डंकन मॅकग्रेगर यांनी त्या गोंधळात एक चिठ्ठी लिहिली, बाटलीत घातली आणि ठेवून दिली. आपण जगणार नाही याची त्यांना खात्री होती. तेवढ्यात ‘केंब्रिया’ नावाचं एक छोटं जहाज दिसलं. मेक्सिकोला निघालेले कॉर्नवॉलचे खाणकामगार त्यावर होते. केंटवरून जी पहिली होडी सोडली, तिच्यात मेजरची बायको होती आणि तिच्या कुशीत पाच आठवड्यांचं बाळ. लाटांमध्ये वरखाली होणाऱ्या होडीतून माणसं वर ओढून घ्यायचं काम त्या खाणकामगारांनी केलं. साडेपाचशेच्या आसपास लोक वाचले. मेजरही वाचले. रात्री केंटचा स्फोट झाला. ती बाटली मात्र दीड वर्षाने थेट बार्बाडोसच्या किनाऱ्यावर सापडली.

ते बाळ म्हणजे जॉन मॅकग्रेगर. आज हौस म्हणून कयाकमध्ये बसणारी माणसं जगभर आहेत, त्या हौसेचा पाया ज्याने घातला तो हाच. एवढ्याशा वयात पाण्याने असा हिसका दिल्यावर कुणीही जन्मभर विहिरीपासूनसुद्धा लांब राहिलं असतं. हा उलट निघाला.

जॉनचं शिक्षण डब्लिन आणि केंब्रिजला झालं. केंब्रिजला गणितात तो रँग्लर झाला. रँग्लर म्हटलं की आपल्याला रँग्लर परांजपेच आठवतात, पण परांजपे पहिले आले होते आणि जॉनचा नंबर बराच खाली होता. मग तो बॅरिस्टर झाला. पेटंटच्या कायद्यात आणि यंत्रांत त्याला रस होता, जहाजं कशाने चालतात यावर त्याचा अभ्यास होता. पण वकिली त्याने कधी फार मनावर घेतली नाही. घरची परिस्थिती बरी होती, हे इथेच सांगून टाकते. त्याच्या गोष्टी वाचताना आपण भारावतो खरे, पण तीन-तीन महिने होडी घेऊन फिरायला खिशात पैसे आणि डोक्यावर कसलीच जबाबदारी नसावी लागते. त्या काळच्या लंडनमधल्या बहुतेक तरुणांना ते स्वप्नातही शक्य नव्हतं.

आणि हे जॉनला माहीत होतं, असं मला वाटतं. कारण त्याचा खरा वेळ जायचा लंडनच्या फाटक्या कपड्यांतल्या पोरांसाठी. ‘रॅग्ड स्कूल’ म्हणजे अगदी गरीब मुलांच्या फुकट शाळा, त्यांच्या कामात तो बुडालेला असायचा. 1851 साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. बाहेरून हजारो माणसं येणार, रस्ते चिखलाने भरलेले, सगळ्यांचे बूट बरबटणार. त्यातून कल्पना निघाली ती बूटपॉलिशवाल्या पोरांच्या ‘शूब्लॅक ब्रिगेड’ची. मुलांना लाल गणवेश दिला, ठरावीक जागा दिल्या. कमाईतला काही भाग त्यांच्या हातात, काही संस्थेला आणि काही त्यांच्या नावावर बचतीत. रस्त्यावरच्या मुलाच्या नावावर बचत, ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती. ही ब्रिगेड उभी करणाऱ्यांत जॉन होता.

चाळिशी आली. लग्न नाही, वकिली नावापुरती. अशा माणसाला आपल्याकडे नातेवाईक काय काय ऐकवतात ते सांगायला नको. जॉनने काय केलं? होडी बांधून घेतली.

उत्तर अमेरिकेच्या सफरीत त्याने तिथल्या कनू पाहिल्या होत्या. उत्तरेकडच्या बर्फाळ भागातल्या इन्युइट लोकांची कयाकही त्याच्या डोक्यात होती. वरून झाकलेली, मधे माणसापुरतं भोक असलेली आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालणारी. ही होडी त्याने शोधून काढली नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. ज्यांनी ती हजारो वर्षं वापरली त्यांच्यासाठी ती शिकारीची, पोट भरायची वस्तू होती. जॉनने ती युरोपच्या नद्यांवर, नुसत्या मजेसाठी आणली.

लंडनच्या लॅम्बेथ भागात 1865 मध्ये त्याची होडी तयार झाली. ओक लाकडाची, वरचा भाग सीडरचा. लांबी 15 फूट, रुंदी 28 इंच, वजन 80 पौंड, म्हणजे साधारण 36 किलो. स्कॉटलंडच्या दंतकथांमधला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याच्याच कुळातला, म्हणून होडीचं नाव ‘रॉब रॉय’. छोटं शीड, सात फुटी वल्हं आणि फूटभर लांबीरुंदीची एक काळी बॅग. तीन महिन्यांचं सामान त्या एका बॅगेत! दोन दिवसांच्या ट्रेकला आपण किती बॅगा भरतो, ते आठवून मला जरा लाजच वाटली.

या होडीत वेगळं काय होतं? नेहमीच्या होडीत वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिकडे चाललोय तिकडे पाठ आणि जे मागे पडलं ते डोळ्यांसमोर. कयाकमध्ये तोंड पुढे. संथ पाण्यात याने फारसं बिघडत नाही, पण खळाळत्या पाण्यात सगळा खेळच पुढे बघण्याचा असतो. दोन खडकांच्या मधून पाणी जिथून सरळ, गुळगुळीत जिभेसारखं खाली उतरतं, ती वाट. जिथे पाणी फुगून मागे वळतंय, तिथे खाली दगड. मोठ्या खडकाच्या मागे पाणी थबकतं, तिथे क्षणभर दम खायला जागा. हे सगळं वाचून निर्णय घ्यायला हातात काही सेकंद असतात. शिवाय होडी हलकी. अडली तर उतरायचं आणि ओढत न्यायची. नदी संपली तर बैलगाडीत नाहीतर रेल्वेत टाकायची.

1865 च्या उन्हाळ्यात तो थेम्सवरून एकटाच निघाला. बेल्जियममधून म्यूज, मग ऱ्हाइन, माइन, आणि तिथून डॅन्यूब जिथे जेमतेम ओढा असते त्या डोनाउएशिंगेनला. डॅन्यूबवरून उल्मपर्यंत. पुढे स्वित्झर्लंडची तळी. शाफहाउझनचा ऱ्हाइनचा धबधबा अर्थातच त्याने टाळला. वेडेपणा आणि मूर्खपणा यांतला फरक त्याला कळत होता.

सगळ्यात थरारक भाग लुसर्नहून निघणाऱ्या रॉइस नदीवरचा. आल्प्सचं बर्फ वितळून आलेलं थंडगार पाणी, अरुंद खोरं, समोर एकामागून एक खळाळ. किनाऱ्यावर उतरून पाहणी करायची, मग परत बसून वाट काढायची. एका ठिकाणी समोर उभी राहिलेली लाट त्याच्या होडीवर चढली आणि होडी तिच्यातून आरपार निघाली. अंगावर लाइफ जॅकेट नाही, हेल्मेट नाही, वाचवायला मागे दुसरी होडी नाही. त्याच्याकडे होतं ते फक्त कमरेभोवतीचं पाणी अडवणारं कापड. आज कुठलाही प्रशिक्षक असं करू देणार नाही, आणि तेच बरोबर आहे. कोलाडला कुंडलिकेवर रॅफ्टिंग केलं असेल, तर राफ्टच्या आगेमागे एकट्याने कयाक चालवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. कुणी पाण्यात पडलं की उचलायला तो असतो. जॉनसाठी तसं कुणी नव्हतं.

कोलाडवरून आठवलं. कुंडलिकेचं ते पाणी वीज तयार करून सोडलेलं असतं, म्हणून पाऊस नसतानाही खळाळ मिळतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या गॉली नदीवर दर शरदात असंच होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरच्या धरणातून पाणी सोडतात आणि देशभरचे कयाकवाले तिथे धावतात. जॉनच्या वेळी नदीवर कुणाचं वेळापत्रक नव्हतं. उन्हाळा सरताना पाणी उतरायला लागतं, दगड वर येतात. त्यामुळे काही ठिकाणी त्याला होडीत बसण्यापेक्षा होडी ओढण्यातच जास्त वेळ घालवावा लागला.

गंमत म्हणजे एकटा निघालेला हा माणूस फार काळ एकटा राहिलाच नाही. गावोगावच्या पेपरांत बातम्या आल्या आणि पुढच्या गावातल्या पुलावर लोक आधीच गर्दी करून उभे. त्याला ते आवडायचंही. पुढे मोझेल, मार्न करत तो पॅरिसला पोचला. 1866 मध्ये या सफरीचं पुस्तक आलं, त्याने स्वतः काढलेल्या चित्रांसह. पुस्तक धडाधड खपलं. त्याच वर्षी लंडनजवळ रिचमंडला त्याने मित्रांबरोबर कनू क्लब काढला. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा युवराज त्याचा कमोडोर झाला आणि 1873 मध्ये क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यानेही पुस्तक वाचलं होतं. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात होड्यांना जागा मिळाली ती त्यातूनच. त्या प्रदर्शनाला जॉन 21 फुटी शिडाच्या बोटीतून, इंग्लिश खाडी एकट्याने ओलांडून गेला. आणि तसाच परतलाही.

आता त्याची न आवडलेली बाजू. जॉन कट्टर प्रोटेस्टंट होता. वाटेत जो भेटेल त्याच्या हातात धार्मिक पत्रकं द्यायचा, कॅथलिक गावांत तर हमखास. आपण सांगतो तेच खरं, असा एक सूर त्याच्या लिहिण्यात आहे. 1868-69 मध्ये तो सुएझ, सीरिया करत जॉर्डन नदीवर गेला. तिथल्या अरबांबद्दल त्याने जे लिहिलंय त्यात कुतूहल आहे, पण एका साम्राज्यातल्या साहेबाची नजरही आहे. ती नजर कुठून येते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरी तिथला एक प्रसंग सोडवत नाही. हुले तळ्याच्या वरच्या दलदलीत तिथल्या लोकांनी त्याला पकडलं. हा होडीतून उतरायलाच तयार नाही. शेवटी त्यांनी होडी त्याच्यासकट उचलली आणि वाजतगाजत शेखच्या तंबूपर्यंत नेली. तिथे जॉनने डबीतून पांढरी पूड काढून शेखच्या पुढे केली. शेखने साखर समजून जिभेवर ठेवली, तर ते मीठ! उरलेलं मीठ जॉनने स्वतः खाल्लं. एकत्र मीठ खाल्लं की पाहुण्याला धक्का लावायचा नाही, ही तिथली रीत. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला माहीत आहे, पण शत्रूला फसवून मीठ खायला लावायची युक्ती एखाद्या वकिलालाच सुचणार.

या सफरीत तो रात्री होडीतच झोपायचा. पपायरसच्या दाट दलदलीतून जॉर्डन हुले तळ्यात कशी शिरते, त्याची नोंद करून त्याने नकाशा काढला. परतल्यावर पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. त्याचे पैसे गेले ते धर्मादाय कामांना.

इतर मात्र त्याच्या मागे निघाले होते. 1871 मध्ये न्यूयॉर्कला कनू क्लब निघाला. 1876 च्या शरदात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’वाला, मित्राबरोबर बेल्जियम-फ्रान्सच्या नद्यांवर याच पद्धतीच्या होडीतून गेला. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. पावसाने फुगलेल्या वाझ नदीत एका पडलेल्या झाडाला तो अडकला, होडी हातातून निसटून वाहून गेली, तो फांदीला लटकून राहिला. वल्हं मात्र सोडलं नाही. त्या सफरीवर त्याने लिहिलेलं पुस्तक हे त्याचं पहिलं पुस्तक ठरलं.

जॉनने 1873 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं. दोन मुली झाल्या. लांबच्या सफरी थांबल्या. क्लबमध्ये नवी पिढी आली होती. त्यांत वॉरिंग्टन बेडन-पॉवेल होता, स्काउट चळवळवाल्या बेडन-पॉवेलचा मोठा भाऊ. त्याला वेड शिडाच्या शर्यतींचं. वर्षागणिक कनूंवरची शिडं मोठी झाली, यंत्रणा वाढली, वजन वाढलं. बॅग घेऊन नदीत उतरायचं आणि अडलं तर खांद्यावर घ्यायचं, हे त्यातून मागे पडत गेलं. 16 जुलै 1892 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बॉस्कमला जॉन गेला, तेव्हा त्याच्याच क्लबमधल्या शर्यतीच्या होड्यांशेजारी पहिली रॉब रॉय ठेवली असती, तर ती खेळण्यातली वाटली असती.