पाण्याचा वाटा

पुणे शहराच्या आग्नेयेस पुरंदर तालुका आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारे ढग या तालुक्याच्या पूर्व भागात पोहोचतात, ते बहुधा रिते होऊनच. म्हणून या मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली, नाही तर मुंबई-पुण्याची वाट धरावयाची, असा तेथील कित्येक कुटुंबांचा क्रम होता. या उजाड मुलखाशी ज्यांनी आपल्या आयुष्याची गाठ बांधली, ते विलासराव साळुंखे मात्र व्यवसायाने शेतकरी नव्हते. ते अभियंता होते.

विलासरावांचा जन्म १९३७ सालचा. पुण्यात त्यांचा कारखाना होता आणि यंत्रांचे भाग अचूक मोजण्याची साधने तेथे तयार होत. केसाएवढी चूकही ज्यात खपत नाही, असले ते काम. धंद्याचा जम चांगला बसला होता.

अशा वेळी १९७२ चा दुष्काळ आला. मुलांनो, प्रस्तुत लेखक तेव्हा तुमच्याच वयाचा होता. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीतील माणसे अद्याप विसरलेली नाहीत. विलासराव त्या काळात पुरंदर तालुक्यात हिंडले. रखरखीत उन्हात बायामाणसे खडी फोडीत बसलेली त्यांनी पाहिली. पोटाला चार घास मिळावेत म्हणून सरकारने काढलेली ती कामे होती. परंतु मोजमापाची सवय असलेल्या या माणसाच्या मनात एक हिशेब सुरू झाला. एवढे हात रस्त्याची खडी फोडण्याऐवजी पाणी अडविण्यास लागले, तर पुढच्या दुष्काळात यांना येथे येऊन बसावे लागेल काय?

हिशेब नुसता कागदावर राहू नये म्हणून त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन खंडाने घेतली. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. त्या खडकाळ उतारावर त्यांनी आडव्या ताली घातल्या. वाहून जाणारी माती तालींशी थबकू लागली आणि पावसाचे पाणी जागच्या जागी मुरू लागले. उताराच्या पायथ्याशी पाझर तलाव बांधला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खणली आणि विहिरीत उतरलेले पाणी पुन्हा वरच्या शेतांत चढविले. माथ्यावर झाडे आणि गवत वाढविले. यातील एकही गोष्ट गावकऱ्यांना सर्वस्वी नवी नव्हती; ताली तर त्यांचे आजे-पणजेही घालीत. नवी होती ती या सर्वांची एकत्र जुळणी. ज्या माळावर कुसळांखेरीज काही उगवत नसे, तेथे धान्याची रास पडू लागली.

येथवरची गोष्ट सोपी होती, असे मला वाटते. खरी कसोटी पुढे होती. आलेले पाणी कोणाचे? ज्याची जमीन मोठी, त्याचे पाणी मोठे, ही सर्वत्र चालत आलेली रीत. विलासरावांनी ती मोडली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यावयाचे, असे ठरले. माणशी अर्ध्या एकरास पुरेल एवढे पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांची मर्यादा. म्हणजे दहा एकरांच्या धन्याच्या घरी तीनच माणसे असतील, तर त्याला दीड एकरापुरतेच पाणी. उलट, ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही, अशा मजुराचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जात नसे. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करावयाचा, निम्मा सरकारकडून यावयाचा आणि उरलेला प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यावयाचा, अशी व्यवस्था होती. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमला जाई. याच व्यवस्थेला १९७९ च्या सुमारास पाणी पंचायत हे नाव रूढ झाले.

आणखी एक नियम होता, आणि तो सर्वांत कडू होता. या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही! उसाने रोख पैसा येतो, हे विलासरावांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ऊस वर्षभर पाणी मागतो. एका एकर उसाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी आणि कडधान्ये भिजतात. ही गोष्ट त्यांनी गावोगावच्या बैठकांत पुनःपुन्हा समजावून सांगितली. काहींना ती पटली, काही रागावून दूर झाले. सर्वच योजना टिकल्या असेही नाही. कोठे विजेने दगा दिला, तर कोठे आपसांतील तंट्याने. नियम सैल केला असता तर सभासद पुष्कळ वाढले असते. पण विलासराव त्या बाबतीत बधले नाहीत.

आता पावसाचे तंत्र अधिकच बिघडले आहे. दोन पावसांत मोठा खंड पडतो आणि मग एका दिवसात शेते वाहून जावीत असा पाऊस येतो. असा पाऊस अडवून जमिनीत मुरविण्याचे शास्त्र शिकण्यासाठी नायगावचा तो माळ पाहावयास दूरदूरची माणसे गेली आहेत. विलासराव २००२ साली वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी कल्पनाताई यांनी प्रतिष्ठानचे काम पुढे चालविले.