बल्बमधल्या वाफेपासून प्लाझ्मापर्यंत : अर्व्हिंग लँगम्यूर

प्लाझ्मा आणि उत्प्रेरक वापरून हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल वाचताना मी दरवेळी लँगम्यूर (१८८१–१९५७) यांच्यापाशीच पोहोचतो. १९०९ पासून ते जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत होते. वाफेचा अंशही बल्ब लवकर काळा कसा करतो, ते त्यांनी उलगडलं : तापलेल्या तारेवर पाणी फुटतं, टंगस्टन ऑक्साइड काचेवर बसतं, हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, की पाणी पुन्हा तयार! भन्नाटच. पुढे पृष्ठभागावर रेणू जागा कशा अडवतात याचं गणित मांडलं. १९२८ मध्ये ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं. १९३२ मध्ये पृष्ठभाग-रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. आपल्या यंत्रातही तेच गणित : दमट हवेत पाण्याचे रेणू उत्प्रेरकावरच्या जागा बळकावतात, प्रदूषक बाहेरच राहतात. थोडी वाफ मात्र कामाचीच, प्लाझ्मा तिच्यातून प्रदूषक फोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतो.