विश्वेश्वरय्यांची भट्टी

पनवेलहून पेण ओलांडले की डोलवीचा पोलाद कारखाना लागतो. लोहखनिजातला प्राणवायू नैसर्गिक वायूने काढून घेण्याची सोय तेथे आहे. दगडी कोळशापेक्षा यात कर्बवायू कमी सुटतो. त्या वाटेने जाताना मला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आठवतात.

१८६१ साली जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घडले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. संस्थानात लोहखनिज मुबलक, पण दगडी कोळसा नाही. म्हणून १९२३ साली भद्रावतीची भट्टी पेटली ती मलनाडच्या जंगलातल्या लाकडी कोळशावर. तोट्यातला हा कारखाना अध्यक्ष या नात्याने त्यांनीच सावरला. पुढे तिथे विजेच्या भट्ट्याही आल्या. १९६२ साली, शंभरी गाठून, ते गेले.

मात्र लाकडी कोळसाही फुकटचा नसतो. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढले तरच कर्बाचा हिशेब जुळतो. एरवी जंगलच भट्टीत जाते. आज हायड्रोजनचे नाव घेतले जाते. तो कोणत्या विजेवर तयार झाला, हे मी आधी विचारीन. कोळशावाचून लोखंड कसे गाळायचे, हा एका संस्थानाचा प्रश्न आता साऱ्या जगापुढे आहे.