मेक्सिकोच्या भिंतीवरचे वर्धेकर

मेक्सिकोचे जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी भित्तिचित्रात रंगवलेला वर्ध्याचा माणूस कोण? प्रश्नमंजूषेत भले भले अडतील. उत्तर आहे, डॉ. पांडुरंग खानखोजे.

वर्ध्यात जन्मलेल्या खानखोज्यांनी इंग्रजांशी लढण्यासाठी तरुणपणीच देश सोडला. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. जास्त उतारा देणारा मका, कमी पाण्यावर तग धरणारा गहू, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा, ही त्यांची तिथली कमाई. मायदेशी उजळ माथ्याने परतता आले ते स्वातंत्र्यानंतरच. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

औषध लागू पडायलाही पोटात आधी दोन घास हवेत, हे आम्हा सरकारी डॉक्टरांना वॉर्डात रोज दिसते. ते घास पिकवण्यात खानखोज्यांनी आयुष्य वेचले.